शमीमबाईंची वरची फेरी

"कोणी सांगा ना तिला, रेस संपली म्हणून," मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

तिच्या आवाजात हसू होतं, पण कुत्सित नव्हतं. खाली सात मुली लेनच्या दोरीवर हात टाकून धापा टाकत होत्या, डोक्यावरच्या टोप्या ओढून काढत होत्या. पाचव्या लेनमधली आमची पायल मात्र भिंतीला पाय मारून वळली होती आणि परत निघाली होती. मुलींच्या चारशे मीटर फ्रीस्टाइलची ती तिसरी हीट. हैदराबादचा तलाव पन्नास मीटरचा, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आठ फेऱ्या. पायल नववी फेरी पोहत होती. एकटीच. तिच्या सगळ्या फेऱ्यांत हीच सगळ्यात देखणी होती. गॅलरीतल्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, शाळेच्या शर्यतीत शेवटच्या मुलाला वाजवतात तशा. काठावरून एक पंच हात हलवत तिच्या बरोबरीनं धावत होता.

माझ्या शेजारी शमीमबाई उभ्या होत्या. त्या आत्ताच उभ्या राहिल्या होत्या. डाव्या तळव्यावर शेंगदाण्याचा एक दाणा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खालच्या सात मुलींकडे, आणि मूठ मिटली.

मी नऊ वर्षांची असताना बाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका उलट्या बादलीवर बसल्या होत्या. चंद्रपुराबाहेरच्या आमच्या वसाहतीत पंचवीस मीटरचा टँक होता आणि संध्याकाळचा एक तास बायका-मुलींचा. कोळशाच्या खाणीकडून वारा आला की पाण्यावर काळी साय धरायची. बाई बांबूला जुन्या साडीचा तुकडा बांधून ती काढायच्या. क्लोरीन त्या नाकानं ओळखत. ते तपासायच्या बाटल्या खोलीत होत्या, पण त्यांचं झाकण उघडलेलं मी पाहिलं नाही. काठाशी वाकून एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आज पाणी कडू हाय. डोळे जपा."

सलवार-कुर्ता, कमरेला करकचून बांधलेली ओढणी, पायात रबरी चपला. पोहण्याच्या पोशाखात त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं. बाईंना मुळात पोहता येतं का, यावर वसाहतीत मोठा वाद होता. त्या लागल्या होत्या मदतनीस म्हणून, साहेबांच्या बायकांचे टॉवेल धरायला. अठ्ठाविसाव्या वर्षी, टँक रिकामा झाल्यावर, पाहून पाहून शिकल्या असं त्या सांगत, पण ते खरं मानायला कोणी तयार नव्हतं. मग एका मे महिन्यात एक चार वर्षांची मुलगी खोल बाजूला पडली. बाई बादलीवरून उठल्या कधी ते आम्हाला कळलंच नाही. आवाजही फार झाला नाही. त्या चपलांसकट पाण्यात गेल्या आणि मुलीला घेऊन वर आल्या. तिला पालथी धरून पाठीवर थापटलं, ती रडायला लागल्यावर तिच्या आईकडे दिली आणि म्हणाल्या, "रडू नोका आता. हिची एक चप्पल आतच राह्यली, उद्या काढून देईन." मग निथळत्या कपड्यांनी पुन्हा बादलीवर बसल्या आणि उरलेली वीस मिनिटं आम्हाला पोहायला लावलं.

मी वाईट पोहायचे. बाईंनी दोन उन्हाळे वाट पाहिली आणि मला पाण्यातून काढून कागदांवर बसवलं. स्पर्धांचे अर्ज, ईमेल, वयाचे दाखले. मला नावानं हाक मारण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "ए इंग्लिश, इकडे ये. हे काय म्हणून राह्यले, वाच." मी वाचायचे. मला बोलायला फार जमत नाही, वाचायला जमतं. एकदा त्या म्हणाल्या, "तू बोलत नाई, पण तुले दिसते सगळं. बाप्पा, अशा माणसाचं भेव वाटते." मी हसले. त्या हसल्या नव्हत्या.

बाई कुणाची स्तुती करत नसत. कुणी पालक 'टॅलेंट' म्हणाला की त्या लगेच त्याला विचारत, पोरगी जेवते का नीट. आणि त्यांचा एक नियम होता, ज्यावर त्या कुणाचंच ऐकत नसत. पोहणाऱ्यानं फेऱ्या मोजायच्या नाहीत. "मोजणं माहं काम. तू पोह. मोजणारा माणूस दहाव्या फेरीले थकते." मोजायची त्यांची रीत अशी की मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी. जितक्या फेऱ्या तितके दाणे डाव्या हातात घ्यायच्या, प्रत्येक वळणाला एक दाणा उजव्या हातात टाकायचा. डाव्या हातात एकच उरला की बाई बादलीवरून उठत. बाई उभ्या राहिल्या म्हणजे ही शेवटची, आता जीव तोडायचा. त्या उभ्या राहीपर्यंत कुणी थांबायचं नाही. नंतर ते घामट दाणे पोहणाऱ्या मुलीला मिळत आणि तिला ते खावे लागत.

आता गंमत अशी की चारशे मीटर म्हणजे आमच्या टँकच्या सोळा फेऱ्या, आणि बाई दाणे काढत सतरा. आठशेला तेहेतीस. या जादाच्या फेरीला त्या 'वरची' म्हणत. त्यांचे वडील धानोऱ्याकडे तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, मुन्शी होते. उन्हाळ्यात गावातल्या बायका जंगलातून पानांचे पुडे बांधून आणायच्या, मुन्शी ते मोजून घ्यायचा. आणि शंभर पुड्यांमागे चार-पाच वरचे घ्यायचे, फाटक्या-किडक्या पानांची भरपाई म्हणून. पानं किडकी असोत की नसोत. बाई लहानपणी वडिलांजवळ बसून पुडे मोजत. "हाताले वळणच पडलं," त्या सांगत. "शंभर झाले की हात थांबत नाई. म्हणते, अजून एक घे." आम्हाला ते मजेशीर वाटायचं. वरची फेरी पोहून आलेली मुलगी स्पर्धेत सोळा फेऱ्या सहज काढायची, त्यामुळे बाईंचं बरोबर आहे असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

पायल बाईंना धानोऱ्याजवळच्या एका गावाच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, सापडली. म्हणजे त्या एका नातेवाइकाकडे गेल्या होत्या आणि ही पोरगी म्हशीच्या पुढे पोहताना दिसली. आठवड्यानं बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या, कारण चंद्रपूरच्या वसतिगृहाच्या अर्जावर आई-वडिलांच्या सह्या हव्या होत्या. चार एकर धान, अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. वडील बांधावर होते. पायल दाराच्या चौकटीला टेकून एका पायानं दुसरा पाय खाजवत उभी होती, तेव्हा चौदा वर्षांची. तिच्या आईनं बाईंकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमी मुन्शीच्या पोरगी ना?"

बाई हो म्हणाल्या.

"तुमच्या बाबानं माह्या सासूच्या हातचे वरचे पुडे लई नेले," आई पाण्याचे पेले भरत म्हणाली. रागानं नाही. पाऊस कमी झाला म्हणावं तसं. मग पेला पुढे करत हसली, "आता पोरगी बी न्या."

बाईंनी पाणी प्यायलं. अर्जावर वडिलांची सही आणि आईचा अंगठा घेतला, माझ्याकडे न पाहता कागद माझ्या हातात दिला. बसनं गडचिरोलीपर्यंत आलो. स्टँडवर उतरल्यावर म्हणाल्या, "इंग्लिश, पोरगी नेली तशी आणून देईन असं मी बोलली का तिले?"

मी म्हणाले, नाही.

"बोलाले पायजे होतं."

पायलला पोहताना पाहणं म्हणजे काय ते मला लिहिता येणार नाही. ती पाण्याशी काही करायची नाही, पाणीच तिला पुढे द्यायचं. दोन वर्षांत ती जिल्ह्यात, मग राज्यात पहिली आली. बाहेर ती जेमतेम बोलायची, आणि बाई तिच्यावर सतत बोलायच्या. नखं वाढली, भात टाकला, केस ओले ठेवले. वसतिगृहातल्या डाळीवरून त्यांनी तिथल्या स्वयंपाकिणीशी भांडण केलं आणि मग घरून डबा आणायला लागल्या. पायल डबा संपवून रिकामा परत देताना त्यात रानातलं एखादं फूल टाकायची. बाई ते फेकून द्यायच्या, पण लगेच नाही.

राज्याच्या स्पर्धेपर्यंत अडचण आली नव्हती, कारण तिथे बाईंना काठावर जाऊ देत. त्या वळणाच्या भिंतीशी वाकून बसायच्या आणि शेवटच्या वळणाला अशा ओरडायच्या की पंचसुद्धा दचकायचे. दाणे फक्त सरावाला. हैदराबादची स्पर्धा निमंत्रितांची होती, आशियातल्या आठ-दहा देशांच्या मुली होत्या, सगळं नियमानं होतं. काठावर फक्त संघाचे कोच, गळ्यात ओळखपत्र असलेले. बाईंकडे कोचचं प्रमाणपत्रच नव्हतं. कागदावर त्या अजून मदतनीस होत्या. आम्हा दोघींना गॅलरीचे पास मिळाले.

हीटच्या आधी पायल जिन्यापाशी भेटायला आली. थंडी वाजत असल्यासारखी हात काखेत दाबून उभी होती. तिनं विचारलं, "बाई, आज मी मोजू का?"

"तू पोह," बाई म्हणाल्या. "मी पिवळी ओढणी घेऊन वर बसून राहीन. दोन्ही बाजूनं श्वास घेते ना तू? मंग दिसन मी तुले. उभी राह्यली की शेवटची."

वर येऊन बाई बसल्या आणि त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. ओढणी सोडली, बांधली. मग माझ्याकडे हात पुढे केला. पिशवी माझ्या पर्समध्ये होती. त्यांनी दाणे काढले आणि डाव्या तळव्यावर पसरले. मी पाहिलं, ते नऊ होते.

मी बोलले नाही. मला वाटलं, बाईंना माहीत असेल. शिट्टी झाली, मुली ब्लॉकवर चढल्या, आणि मग बोलायची वेळ निघून गेली. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की मला खात्री नव्हती. मला खात्री होती.

सहाव्या फेरीपर्यंत पायल तिसरी होती. सातव्या वळणानंतर बाकीच्या मुलींनी वेग वाढवला, पाणी एकदम पांढरं झालं. पायल एकसारखी पोहत राहिली आणि प्रत्येक श्वासाला आमच्याकडे बघत राहिली. बाई बसून होत्या. बाकीच्यांनी हात लांबवून भिंत गाठली, हिनं वळून पायांनी. पायांचा स्पर्शही चालतो, त्यामुळे ती बाद झाली नाही. नुसता उशीर झाला. सगळ्या हीट मिळून पहिल्या आठ जणी फायनलला जातात. पायल नववी आली, आणि आठवीच्या आणि तिच्या मधलं अंतर डोळ्याची पापणी लवण्याइतकं होतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. गोदावरी गेली, सिरपूर-कागजनगर गेलं, फेरीवाल्यांची तेलुगू विरळ होत हिंदी झाली. कुणीतरी नवव्या फेरीचं केलेलं चित्रीकरण तोवर आमच्या जिल्ह्याच्या ग्रुपवर आलं होतं, खाली हसण्याच्या खुणा आणि 'जंगलाची शाळा' वगैरे. मी फोन पालथा ठेवला. पायलनं ते चित्रीकरण सकाळीच पाहिलं होतं. बल्लारशा यायच्या जरा आधी ती बाहेर बघतच म्हणाली, "मले वाटलं, एक वरची बाकी हाये."

बाईंनी डबा उघडला आणि तिच्यापुढे धरला. "खाऊन घे," एवढंच म्हणाल्या.

जिल्ह्याच्या जलतरण संघटनेच्या सचिवांनी लेखी खुलासा मागितला. पायलची दहावी झाली होती आणि राज्याच्या क्रीडा वसतिगृहातली एक जागा तिच्या नावानं जवळजवळ ठरली होती. ती जागा गेली असती तर पायलला परत गावी जावं लागलं असतं. बाईंचंही होतं. त्यांची नेमणूक दर वर्षी याच सचिवांच्या सहीनं पुढे जायची, आणि प्रमाणपत्र नसलेल्या बाईऐवजी नागपूरचा कोच आणायचं ते केव्हापासून म्हणत होते. बाईंचं वय सत्तावन्न. नवरा नाही, धाकटी बहीण बल्लारपूरला, तिचंच कठीण.

बाई एका दुपारी आमच्या घरी आल्या. आईनं चहा दिला तो त्यांनी निववला. मग मला म्हणाल्या, "लिव. पोरीची मोजण्यात चूक झाली. पहिलीच मोठी स्पर्धा, घाबरली. असं लिव."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्या लॅपटॉपकडे पाहत होत्या.

मी लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य फार नीटनेटकं झालं. माझ्या शाळेनं मला अशी वाक्यं करायला शिकवलं होतं, ज्यात कुणी काय केलं ते राहतं आणि का केलं ते गळून जातं. मी ते मराठीत वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "बरं." सही करताना त्यांचं पेन दोनदा अडलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्यांनी पायलला पोहायला लावलं, पण दाणे आणले नाहीत. बादलीवर बसायच्या आणि बोटांची पेरं चाचपायच्या. पायल आपणहून सोळाव्या फेरीला थांबू लागली होती. थांबली की बाईंकडे बघायची, आणि बाई पाण्याकडे. डबा येत राहिला. त्यात फुलं यायची बंद झाली होती.

पुढचं आधीच सांगून टाकते. शेवटी मला तिथेच थांबायचं नाही. बाईंचं काम गेलं. त्या बल्लारपूरला बहिणीकडे राहतात, ब्लाउज शिवतात. पायलला जागा मिळाली, पण त्या वर्षी नाही. एक वर्ष ती गावी होती, धानाच्या रोवणीला जात होती, आणि ते वर्ष तिच्या पोहण्यातून कुणाला परत काढता आलेलं नाही. ती चांगली पोहते, पण पाणी तिला पूर्वीसारखं पुढे देत नाही. मी बल्लारपूरला कधी गेले तर बाई तिच्याबद्दल विचारत नाहीत. मी सांगितलं तर ऐकून घेतात आणि सुई ओवतात. मला वाटतं, पंधरा दिवस आधी बोलल्या असत्या तर काय झालं असतं, याचा हिशेब त्या करत असतात. मीही करते.

पण मला त्या दिसतात त्या खुलाशाच्या बैठकीतल्या. टँकच्या ऑफिसात, भिंतीला लावलेल्या ढालींखाली. टेबलामागे सचिव आणि संघटनेचे दोघे जण, पंख्याचा कटकट आवाज. पायल वसतिगृहाच्या गणवेशात, वेण्या वर बांधलेल्या. तिची आई खास गावाहून आली होती आणि खुर्ची असून खाली बसली होती. मी दाराशी, हातात फाइल. बाई खिडकीजवळ.

सचिवांनी माझं पत्र मोठ्यानं वाचलं. इंग्रजी संपल्यावर त्यांनी सगळ्यांसाठी मराठीत सांगितलं की कोचच्या म्हणण्याप्रमाणे मुलीची मोजण्यात चूक झाली. मग चष्मा काढून पायलला विचारलं, तसे प्रेमळपणेच, की बेटा, दहावी पास ना तू, मग आठपर्यंत अंक येत नाहीत का. बाजूचा एक जण हसला.

पायलनं बाईंकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "माहंच चुकलं, सर. मले मोजता नाई आलं."

तिच्या आईनं मान वर केली. ती पायलकडे नाही, बाईंकडे बघत होती. पाण्याचा पेला पुढे करताना बघितलं होतं तसंच, शांत.

सचिव पेन उघडून कागदावर काहीतरी लिहायला लागले. तेव्हा बाई खिडकीजवळून निघाल्या. टेबलापर्यंत चार पावलं असतील, त्यांना वेळ लागला. त्यांनी ओढणी कमरेची सोडली आणि डोक्यावरून घेतली, मोठ्या माणसांसमोर घेतात तशी. सचिव म्हणाले, बाई, तुमचं लेखी आलंय, बसा. बाई बसल्या नाहीत. टेबलावरचं पत्र त्यांनी हातानं बाजूला सारलं, आणि सचिवांशी बोलत असूनही खाली बसलेल्या पायलच्या आईकडे पाहत म्हणाल्या,

"सर, ते पोरगी चुकली नाई. मोजणारी मी होती."